स्वॅप दोन डिस्कवर ठेवली, भरते मात्र एकच (बडोदे, लिनक्स वर्कस्टेशन)

मकरपुरावासी, सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन आठवडे एका प्रश्नावर अडकलोय, म्हणून इथे विचारतोय.

मकरपुरा जीआयडीसीत आमचं लहानसं डिझाइन ऑफिस आहे. प्रेशर व्हेसल, हीट एक्स्चेंजरच्या ट्यूबशीट, नोझलवर येणारे पाइपिंगचे भार, अशी स्ट्रेस अ‍ॅनालिसिसची कामं करतो. सगळ्यात मोठ्या वर्कस्टेशनवर लिनक्स आहे. रॅम ३२ जीबी, आठ स्लॉट आणि आठही भरलेले. सिस्टिम २५६ जीबीच्या एसएसडीवर. कामासाठी ७२०० आरपीएमच्या १-१ टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क.

सध्या एका ट्यूबशीटचं मॉडेल हातात आहे. मेश (मॉडेलचं लहान तुकड्यांचं जाळं) बारीक केल्यावर जॉबला साधारण ४५ जीबी लागतात. म्हणजे १३ जीबी स्वॅपमध्ये (रॅम भरली की डिस्कवरची जी जागा मेमरी म्हणून वापरतात तिच्यात) जाणार हे मी धरूनच चाललो होतो. पहिल्या डिस्कवर १६ जीबीची स्वॅप आधीपासून आहे. रात्री आठला जॉब लावून घरी जातो, तो सकाळी साडेदहाला संपतो. सकाळी येऊन बसलं की तोवर माउससुद्धा हलत नाही.

स्वॅप दोन डिस्कवर वाटली की वेग जवळपास दुप्पट होतो असं ऐकलं होतं. म्हणून दुसऱ्या डिस्कवर ८-८ जीबीचे दोन भाग पाडले, एमकेस्वॅपने ते स्वॅपसाठी तयार केले, एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीच्या फाइलीत) ओळी घातल्या, मशीन पुन्हा सुरू केलं. जॉब ऐन भरात असताना स्वॅपऑनचा तक्ता पाहिला तर पहिल्या डिस्कवर १३ जीबी वापरात आणि दुसऱ्या डिस्कचे दोन्ही भाग शून्य. जॉब पुन्हा साडेदहालाच संपला.

क्लायंटला पुढच्या सोमवारी रिपोर्ट द्यायचाय आणि अजून चार लोड केस (भारांच्या वेगवेगळ्या परिस्थिती) बाकी आहेत. नेमकं कुठे चुकतंय?


पेंग्विनमित्र, सोमवार, रात्री १०.०५

त्या तक्त्यातला शेवटचा रकाना प्रायॉरिटीचा असतो, तो बघा. तुमच्याकडे उणे २, उणे ३, उणे ४ असे आकडे असणार. तुम्ही काही सांगितलं नसेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) नव्याने आलेल्या प्रत्येक स्वॅपला आधीच्यापेक्षा एक पायरी खाली बसवतो आणि वरची जागा पूर्ण भरल्याशिवाय खालच्या जागेकडे वळत नाही. तुमची १६ जीबीची जागा १३ वरच थांबली, मग दुसऱ्या डिस्कची पाळी येणार कुठून?

दोन्ही डिस्कना एकच आकडा द्या. एफएसटॅबमध्ये पर्यायांच्या रकान्यात पीआरआय=१० असं घाला. ० ते ३२७६७ मधला कुठलाही आकडा चालतो, दोन्हीकडे सारखा असला म्हणजे झालं. मग कर्नल पाळीपाळीने दोन्हींकडे पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, पाठवतो.

दुसऱ्या डिस्कवरचे दोन भाग मात्र काढा आणि तिथे १६ जीबीचा एकच करा. तिन्ही भागांना सारखी प्रायॉरिटी दिलीत तर तीनातल्या दोन पाळ्या त्या एकाच डिस्कवर येतील आणि तिचं हेड दोन भागांमध्ये येरझाऱ्या घालत राहील.

जॉब चालू असताना स्वॅपऑफ करू नका. स्वॅपमध्ये गेलेलं सगळं ते परत रॅममध्ये ओढायला बघतं, आणि रॅम तर भरलेली. जॉब संपू द्या, मग करा. आणि एफएसटॅबमध्ये एसडीए, एसडीबी न लिहिता यूयूआयडी (त्या भागाचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहा. केबल इकडची तिकडे झाली की ती नावं बदलतात, आणि स्वॅप म्हणून भलताच भाग हाताळला गेला तर फार वाईट.


कलाभवनचा माजी विद्यार्थी, सोमवार, रात्री ११.५०

पेंग्विनमित्रांनी सांगितलेलं बरोबर आहे, तसंच करा. पण यामागचं कारण समजून घेतलंत तर पुढच्या वेळी अडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

१९९६-९७ साली मी बडोद्याजवळच्या एका कारखान्याच्या डिझाइन विभागात वर्कस्टेशन सांभाळायचो. दोन एचपी-यूएक्सची, एक सोलारिसचं (दोन्ही युनिक्सच्याच जाती). प्रत्येकात ६४ एमबी रॅम. एमबी म्हणतोय, जीबी नव्हे. ड्रॉइंग मोठं झालं की मशीन स्वॅपवर जायचंच, टाळायची सोयच नव्हती. त्यामुळे स्वॅप कुठे ठेवायची हा प्रश्न आमच्यासाठी रोजच्या भाकरीचा होता.

आता डिस्कचा हिशेब बघा. ७२०० आरपीएम म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ च्या आसपास. त्याआधी हेड त्या ट्रॅकवर जायला ८-९ मिलिसेकंद. एकूण झाले १३. म्हणजे सेकंदाला ७५-८० उड्या. एका उडीत ४ केबीचं एक पान आणलं तर सेकंदाला ३०० केबी. हीच डिस्क सलग वाचायला दिली तर सेकंदाला १०० एमबीच्या वर देते. आता ३०० केबीच्या गतीने ८ जीबी परत आणायला किती वेळ लागेल ते कागदावर मांडा. साडेसात तासांच्या वर जातो. कर्नल शेजारची पानंही सोबत आणतो, एका वेळी आठ, म्हणून प्रत्यक्षात इतकं वाईट होत नाही. पण सकाळी माउस का हलत नाही, त्याचं उत्तर या हिशेबात आहे.

म्हणजे अडचण जागेची नाही, हेडची आहे. दोन डिस्क म्हणजे स्वतंत्र हलणारी दोन हेड, म्हणून उड्या दुप्पट. एकाच डिस्कवर दोन भाग केले तर हेड एकच राहतं. खंडेराव मार्केटात एकाच माणसाने समोरासमोरचे दोन गाळे घेतले तर विक्री दुप्पट होत नाही, त्याची मधली धावपळ वाढते.

जास्त भाग म्हणजे जास्त वेग ही समजूत कुठून आली तेही सांगतो. त्या काळच्या लिनक्सला पीसीवर एका स्वॅप भागातली १२८ एमबीपुढची जागा वापरताच यायची नाही. २.२ कर्नल आल्यावर, १९९९ मध्ये, ती मर्यादा गेली. तोवर लोक नाइलाजाने एकाच डिस्कवर दोन-तीन भाग पाडायचे. कारण संपलं, सवय राहिली.

पाळीपाळीने वाटण्याची पद्धत बऱ्याच युनिक्समध्ये आहे, तपशील वेगळे. सोलारिस स्वॅपच्या प्रत्येक डिस्कवर साधारण १ एमबीचा तुकडा टाकून पुढच्या डिस्कवर जायचं. त्यात प्रायॉरिटी वगैरे काही नव्हतं, स्वॅप जोडली की ती पाळीत आली. एचपी-यूएक्समध्ये तुकडा २ एमबीचा, आणि तिथे ० ते १० प्रायॉरिटी होती. पण लक्षात घ्या, तिथे लहान आकडा म्हणजे आधी. लिनक्समध्ये मोठा आकडा म्हणजे आधी. पहिल्यांदा लिनक्सवर आलो तेव्हा सवयीने वेगवान डिस्कला ० आणि हळू डिस्कला ५ दिले. चार दिवस सगळा भार हळू डिस्कवर पडत होता आणि मी भलतीकडेच शोधत होतो. इथे कुणी जुन्या युनिक्सवरून येत असेल तर आधी हे तपासा.

आयबीएमच्या एआयएक्स युनिक्सवाले स्वॅपला पेजिंग स्पेस म्हणतात. त्यांचा दंडक मला आजही पटतो: एका डिस्कवर एकच, आणि सगळ्या सारख्या आकाराच्या. आकार सारखा का, तर लहान जागा आधी भरते, आणि त्यानंतरचा सगळा भार उरलेल्या एकाच डिस्कवर येतो. नेमकी मशीनला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच वाटणी बंद पडते.

आणखी एक. आमच्या स्कझी डिस्क एकाच केबलवर असल्या तरी डिस्क जागा शोधत असताना केबल मोकळी सोडायच्या, म्हणून दोघी एकाच वेळी काम करू शकायच्या. पुढे पीसीत आयडीई आली, तिथे एका केबलवरच्या दोन डिस्कना आळीपाळीनेच बोलता यायचं. तिथे स्वॅप वाटायची तर वेगळ्या केबलवर वाटावी लागायची. तुमच्याकडे साटा असणार, प्रत्येकीची केबल स्वतंत्र, त्यामुळे ही काळजी नाही.


राजवाडा इंदूर, मंगळवार, सकाळी ८.१५

काकांचा अनुभव मोठा आहे, वाचून छान वाटलं. पण मला मनापासून वाटतं की ही मेहनत चुकीच्या जागी चाललीय. ४५ जीबीचा जॉब आहे तर ६४ जीबी रॅम करा. जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या रॅम नव्यापेक्षा स्वस्तात मिळतात. आमच्याकडे सिल्व्हर मॉलमध्ये चार दुकानं फिरलात तर काम होईल, सयाजीगंजातही मिळत असणार. रॅमला नॅनोसेकंद लागतात, डिस्कला मिलिसेकंद. दहा डिस्क लावल्या तरी ते अंतर भरून निघणार नाही.


मकरपुरावासी, मंगळवार, सकाळी ९.३०

राजवाडा दादा, पटतंय. अडचण अशी की आठही स्लॉटमध्ये ४-४ जीबीच्या स्टिक आहेत. वाढवायची तर जुन्या काढून नव्या घ्याव्या लागणार, त्याही ईसीसी रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरवाल्या, आणि बोर्डाला चालतील अशाच. मागच्या एका कामाचं बिल थकलंय, ते आलं की पहिला खर्च हाच. हा रिपोर्ट मात्र त्याआधी द्यायचा आहे.

काका, तुमची पोस्ट ऑफिसमधल्या तिघांना वाचायला दिली. आज रात्री बदल करून जॉब लावतो. एक विचारायचं राहिलं: स्वॅप रॅमच्या दुप्पट ठेवावी म्हणतात, म्हणजे ६४ जीबी करू का?


कलाभवनचा माजी विद्यार्थी, मंगळवार, दुपारी १.२०

नको. तो नियम ज्या मशीनसाठी होता ती मशीन वेगळी होती. जुन्या बीएसडी युनिक्समध्ये आणि त्यावरून आलेल्या सनओएस ४ मध्ये प्रोग्रॅमच्या प्रत्येक पानासाठी स्वॅपमध्ये जागा आधीच राखून ठेवावी लागायची, मग ते पान कधी डिस्कवर जावो न जावो. स्वॅप रॅमपेक्षा कमी असेल तर रॅमचा काही भाग वापरलाच जायचा नाही. म्हणून निदान रॅमइतकी, आणि खरा उपयोग व्हायला दुप्पट. सोलारिस २ मध्ये हिशेब रॅम आणि स्वॅप मिळून होऊ लागला. लिनक्समध्ये तर अशी सक्ती नाहीच.

तुमच्या जॉबची भूक ४५ आहे, रॅम ३२, स्वॅप १६ आणि १६. पुरेशी आहे.


मकरपुरावासी, बुधवार, सकाळी ११.००

निकाल आला. दुसऱ्या डिस्कवर १६ जीबीचा एकच भाग केला, दोघींना १० दिले. रात्री पाहिलं तर दोन्हीकडे साडेसहा-साडेसहा जीबी, अगदी समसमान. तो तक्ता बघून फार बरं वाटलं.

जॉब पावणेआठला संपला. साडेदहाऐवजी पावणेआठ. फायदा नक्की झाला, पण साडेचौदा तासांचे पावणेबारा झाले, निम्मे नाही. आयओस्टॅट (डिस्क किती कामात आहे ते दाखवणारं साधन) लावून ठेवलं होतं. दुसरी डिस्क जवळपास सगळा वेळ १०० टक्के बिझी दिसते, पहिली ६० च्या आसपास. वाटणी सारखी असताना एकीवरच ताण का?


कलाभवनचा माजी विद्यार्थी, बुधवार, सकाळी ११.२५

दुसऱ्या डिस्कवर आणखी काय आहे? सॉल्व्हरची, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची, स्क्रॅच डिरेक्टरी (तात्पुरत्या फाइली ठेवायची जागा) कुठे आहे ते बघा.


मकरपुरावासी, बुधवार, सकाळी ११.४०

तिथेच आहे काका. स्क्रॅच दुसऱ्या डिस्कवरच आहे. माझ्या लक्षातच आलं नाही.


गणिताची वही, बुधवार, रात्री ९.१०

मी न्यूमेरिकल मेथड्स शिकवते. लिनक्सच्या पोटातलं मला काकांइतकं ठाऊक नाही, पण सॉल्व्हर काय करत असतो ते ठाऊक आहे, आणि मला वाटतं या प्रश्नाचा मोठा भाग तिथे आहे.

मकरपुरावासी, तुमचा सॉल्व्हर डायरेक्ट असणार. तो स्टिफनेस मॅट्रिक्सचे (मॉडेलच्या ताठपणाच्या आकड्यांच्या तक्त्याचे) अवयव पाडतो. मूळ मॅट्रिक्समध्ये शून्यं पुष्कळ, पण अवयव पाडताना त्यातली बरीच भरत जातात, म्हणून ४५ जीबी. अवयव तयार झाले की ते एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे वाचले जातात. लोड केस वाढल्या की हे वाचन पुन्हा पुन्हा.

आता रॅममध्ये मावत नाही अशी वस्तू तुम्ही आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि परत पहिल्यापासून सुरू केली असं समजा. कर्नलचा ठोकताळा असा की बराच वेळ ज्याला हात लागला नाही ते पान बाहेर टाकावं. माणसांच्या नेहमीच्या वापराला तो फार छान लागू पडतो. पण इथे नेमकं उलट होतं. सगळ्यात जुनं पान म्हणजे पहिलं, तेच तो बाहेर टाकतो, आणि पुढच्या फेरीत पहिल्यांदा तेच लागणार असतं. ते आणायला दुसरं पान बाहेर जातं, मग दुसरं लागतं. दहा पानांची वही आणि टेबलावर नऊ पानांचीच जागा, एवढ्या किरकोळ तुटवड्यातही दर वेळी हवं असलेलंच पान गायब असतं. कर्नलचा यात दोष नाही. पुढे कुठलं पान लागणार ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सॉल्व्हरला मात्र ते पक्कं माहीत असतं. म्हणून चांगल्या डायरेक्ट सॉल्व्हरमध्ये आउट-ऑफ-कोअर म्हणून सोय असते. त्याला सांगायचं की तुला इतकीच रॅम, बाकीचं तू स्वतः फाइलमध्ये ठेव. मग तो अवयवांचे मोठे तुकडे ओळीने लिहितो आणि त्याच ओळीने वाचतो. काकांनी दिलेले दोन आकडे आठवा: उड्या मारत वाचलं तर सेकंदाला ३०० केबी, सलग वाचलं तर १०० एमबीच्या वर. डिस्क तीच असते.

तुम्ही सॉल्व्हरला मेमरीची मर्यादा किती दिली आहे?


मकरपुरावासी, बुधवार, रात्री ९.३५

ताई, ४८ जीबी दिली आहे. रॅम आणि स्वॅप मिळून मावेल असा विचार करून.


गणिताची वही, बुधवार, रात्री ९.४५

तेच बदला. २६ जीबी द्या. ५-६ जीबी सिस्टिमला आणि फाइलच्या कॅशला राहू द्या. आउट-ऑफ-कोअर चालू आहे ना तेवढं लॉगमध्ये बघा.


कलाभवनचा माजी विद्यार्थी, बुधवार, रात्री १०.३०

ताईंचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी इतकी वर्षं स्वॅपकडे डिस्कच्या बाजूने पाहत आलो, सॉल्व्हरच्या बाजूने असा विचार केला नव्हता. आमच्या काळातल्या पॅकेजमध्येसुद्धा मेमरी किती घ्यायची ते विचारायचे, आणि आम्ही स्वॅप धरून आकडा भरायचो.

मग आता प्रायॉरिटीही बदला. स्क्रॅच दुसऱ्या डिस्कवर सलग चालणार असेल तर तिच्या हेडला मधूनच स्वॅपसाठी दूर पळवू नका. सलग वाचन एका उडीने मोडतं आणि १३ मिलिसेकंद जातात. पहिल्या डिस्कच्या स्वॅपला १० राहू द्या, दुसरीच्या स्वॅपला १ करा. म्हणजे पहिली पूर्ण भरली तरच दुसरीला हात लागेल. परवा ज्या असमान क्रमाचा तुम्हाला त्रास झाला, तोच आज तुम्हाला हवा आहे. सारखा आकडा त्याच डिस्कना द्यायचा ज्यांच्या अंगावर इतर कामही सारखंच आहे.


सूरसागर, गुरुवार, सकाळी ७.५०

धागा पहिल्यापासून वाचतोय. एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे, कारण अशीच चूक आणखी कुणी करेल अशी भीती वाटते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आलं तेव्हा तळमजल्यावरचा आमचा एक पीसी अर्धा पाण्यात होता. डिस्क वरच्या खणात होती, ती कोरडी निघाली. चालू करून पाहिली, चालली. तिच्यावर महत्त्वाचा डेटा ठेवायला जीव होईना. मग विचार केला की हिला स्वॅपला लावू. स्वॅपमध्ये कुठे कायमचा डेटा असतो, गेली तर गेली. दुसऱ्या मशीनमध्ये घातली आणि तिथल्या चांगल्या डिस्कबरोबर सारख्या प्रायॉरिटीने जोडली.

तीन आठवडे छान चाललं. मग २० तासांहून जास्त चाललेला एक जॉब अचानक मेला, बस एररचा सिग्नल देऊन. पुन्हा लावला, पुन्हा मेला, वेगळ्याच टप्प्यावर. मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. शेवटी कर्नलच्या लॉगमध्ये स्वॅप डिव्हाइसवर रीड एरर आल्याच्या ओळी सापडल्या. स्मार्टची माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढली तर वाचता न येणारे सेक्टर रांगेत उभे होते.

स्वॅपमध्ये डेटा नसतो हे साफ चूक आहे. त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रॅमची मेमरीच तिथे असते, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नसते. पाळीपाळीने वाटणी असली की मोठ्या जॉबची पानं प्रत्येक डिस्कवर असतात. म्हणजे दोनांतली कुठलीही एक बिघडली तरी जॉब जातो. वेग वाढतो तसा धोकाही वाढतो. खराब डिस्क स्वॅपला कधीही लावू नका.


पेंग्विनमित्र, गुरुवार, सकाळी ९.०५

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. जिथे मशीन बंद पडून चालणारच नाही तिथे स्वॅप मिररवर ठेवतात, दोन डिस्कवर एकच मजकूर. लिहिताना दोघींना काम पडतं, पण एक गेली तरी प्रोग्रॅम जिवंत राहतो. मकरपुरावासींचा जॉब पुन्हा लावता येतो, त्यामुळे त्यांना मिररची गरज वाटत नाही. स्मार्टची लांब चाचणी मात्र महिन्यातून एकदा रात्री लावत जा.


राजवाडा इंदूर, गुरुवार, दुपारी १२.३०

एक सुचवू का? एसएसडीवर स्वॅप ठेवून तिला सगळ्यात वरची प्रायॉरिटी द्या. तिला हेडच नाही, त्यामुळे १३ मिलिसेकंदांचा प्रश्नच मिटतो. नाहीतर झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेली स्वॅप. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर झेडरॅमने फार फरक पडला.


गणिताची वही, गुरुवार, दुपारी ४.००

लॅपटॉपवर पडणारच. ब्राउझर, ऑफिस यांच्या मेमरीत पुनरावृत्ती खूप असते, ती चांगली दाबली जाते. मॅट्रिक्सच्या अवयवांमध्ये मात्र दुहेरी अचूकतेचे दशांश आकडे असतात, एकासारखा दुसरा नाही. ते दाबले जात नाहीत. आधीच कमी पडणाऱ्या रॅममधून झेडरॅमला जागा द्यायची आणि बदल्यात फार थोडं मिळवायचं, असं होईल. इथे त्याच्या वाटेला जाऊ नये.


कलाभवनचा माजी विद्यार्थी, गुरुवार, सायंकाळी ६.१५

एसएसडीची सूचना मला मात्र आवडली. रोज रात्री १३ जीबी आत-बाहेर करायला मी तिला लावणार नाही, लिहून लिहून ती झिजते आणि सिस्टिमही तिच्यावरच आहे. पण ताईंच्या उपायानंतर स्वॅपमध्ये फारसं काही जाणारच नाही. मग तिथे ४ जीबीची छोटी स्वॅप वरच्या प्रायॉरिटीने ठेवायला हरकत नाही. दिवसा काम करताना मशीन चटपटीत राहील. स्वॅप फाइल केली तरी चालेल, वेगळा भाग पाडायला नको. फक्त फाइलमध्ये पोकळ्या नकोत, डीडी कमांडने पूर्ण लिहून घ्या.

कुणी ही कल्पना लॅपटॉपवर नेणार असेल तर एवढं लक्षात ठेवा: मशीन हायबरनेट करायचं असेल तर मेमरीची प्रतिमा एकाच स्वॅपमध्ये मावावी लागते, ती दोन डिस्कवर वाटली जात नाही.


मकरपुरावासी, शुक्रवार, सकाळी १०.१०

काल रात्री ताईंनी सांगितलं तसं केलं. सॉल्व्हरला २६ जीबी, लॉगमध्ये आउट-ऑफ-कोअर चालू झाल्याची ओळ आली. पहिल्या डिस्कच्या स्वॅपला १०, दुसरीच्या स्वॅपला १. एसएसडीला अजून हात लावलेला नाही, एका वेळी एकच बदल करतोय.

जॉब पहाटे सव्वातीनला संपला. सव्वासात तास! व्हीएमस्टॅट दर मिनिटाला फाइलमध्ये लिहायला लावलं होतं. स्वॅपमधून आत येणारं आणि बाहेर जाणारं, दोन्ही रकाने जवळजवळ रात्रभर शून्य. सुरुवातीला मेश वाचताना थोडे आकडे दिसतात, तेवढेच. दुसरी डिस्क १०० टक्केच बिझी आहे, पण आता ती सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते. आधी दोन-तीन एमबीवर अडखळत होती. त्याच १०० टक्क्यांत एवढा फरक असतो हे मला माहीत नव्हतं.

सकाळी ऑफिसात आलो तर माउस हलत होता आणि ट्यूबशीटचं चित्र समोर तयार होतं.


कलाभवनचा माजी विद्यार्थी, शुक्रवार, सकाळी ११.००

शाब्बास. आणि एका वेळी एकच बदल, ही पद्धत सोडू नका. आयओस्टॅटमधला बिझीचा टक्का नुसता बघून काही कळत नाही, शेजारचा एमबीचा रकाना सोबत वाचायचा.

आता पहिली डिस्क रात्रभर रिकामी बसते. हा रिपोर्ट गेल्यावर स्क्रॅचसाठी दोन्ही डिस्कवर एक-एक मोठा भाग घेऊन त्यांचं स्ट्राइप बनवा, म्हणजे दोन्ही मिळून एकच जागा, मजकूर पाळीपाळीने दोन्हीकडे; एक डिस्क गेली तर सगळंच जातं. स्क्रॅच पुन्हा निर्माण करता येतं, तिथे तो धोका पत्करायला हरकत नाही. सलग वाचन दोन्हीकडून एकदम झालं की अजून वेळ वाचेल. तेव्हा मात्र स्वॅप दोन्ही हार्ड डिस्कवरून उचला आणि राजवाडा यांनी सुचवल्याप्रमाणे एसएसडीवर न्या.


मकरपुरावासी, रविवार, रात्री ८.३०

चारही लोड केस झाल्या. एकदा अवयव पाडून चारही एकत्र सोडवल्या, ताईंनी व्यक्तिगत निरोपात ते सांगितलं, त्यामुळे चार रात्रींऐवजी एकच लागली. रिपोर्ट तयार आहे, उद्या सकाळी जाईल. नोझलच्या कोपऱ्यातला ताण मर्यादेच्या आत आला.

कुणाला उपयोग होईल म्हणून सध्याची मांडणी लिहून ठेवतो. पहिली डिस्क: १६ जीबी स्वॅप, पीआरआय १०. दुसरी डिस्क: स्क्रॅच, आणि १६ जीबी स्वॅप, पीआरआय १. दोन्ही यूयूआयडीने, आणि पर्यायांमध्ये नोफेलही घातलं आहे, म्हणजे एखादी डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होताना अडकणार नाही. सॉल्व्हरला २६ जीबी. दोन्ही डिस्कची स्मार्टची लांब चाचणी काल झाली, दोन्ही स्वच्छ.

स्ट्राइपचं काम पुढच्या शनिवारी करणार आहे. काका, तुम्ही बडोद्यातच आहात तर त्या दिवशी मकरपुऱ्याला याल का? तुम्हाला घ्यायला मी स्वतः दांडिया बाजारात येईन, येताना शेव-उसळ घेऊन येऊ. ताई आणि सूरसागर, तुम्हालाही आग्रहाचं निमंत्रण.


कलाभवनचा माजी विद्यार्थी, रविवार, रात्री ९.०५

येतो. दहा वाजता तयार राहतो. येण्याआधी दोन्ही डिस्कवरच्या कामाच्या फाइलींची प्रत तिसऱ्या जागी काढून ठेवा, आणि ती उघडते आहे याची खात्री करा.